अकरावी-बारावी कुणाची?

भोपाळच्या साकेत नगरात राहणाऱ्या मराठी घरातली मुलगी बारावीला असली तरी सकाळी गणवेश घालून शाळेत जाते. तिथे प्रार्थना असते, हजेरी असते, उशीर झाला तर डायरीत शेरा पडतो. तिच्याच वयाची पुण्यातली मावसबहीण मात्र दहावीनंतर लगेच कॉलेजात गेलेली असते. सुट्टीत दोघी भेटल्या की पुस्तके साधारण तीच निघतात: तेच कलनशास्त्र, तीच कार्बनी रसायने. पुढे दोघी पदवीच्या पहिल्या वर्षाला जातात, तेव्हा विद्यापीठाच्या खात्यात दोघींच्या नावावर काहीच जमा नसते. गणवेशातल्या मुलीचे एक वेळ समजता येईल. पण पुण्याच्या मुलीने दोन वर्षे कॉलेजच्याच आवारात, कॉलेजच्याच प्रयोगशाळेत काढलेली असतात, आणि तिलाही त्याचे एक क्रेडिट मिळत नाही.

पूर्वी असे नव्हते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची ही दोन वर्षे आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे विद्यापीठाच्या पदरात होती. ती तिथून कशी निसटली, आणि पुण्यात व भोपाळात वेगवेगळ्या घरी कशी जाऊन पडली, ही कथा फारशी सांगितली जात नाही. शाळा आणि कॉलेज यांनी हातमिळवणी करून किशोरवयातच पदवीचा काही भाग पदरात टाकावा, ही कल्पना आता परदेशातून आल्यासारखी मांडली जाते. म्हणून ही जुनी वही पुन्हा उघडायला हवी.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९मध्ये झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे होते, वय सतरा. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ते आले ते चौदाव्या वर्षी. ही संस्था तोवर शाळा आणि कॉलेज अशी दोन्ही होती. १८५६च्या सुमारास कॉलेजचा भाग वेगळा काढण्यात आला. १८६२मध्ये रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे मुंबई विद्यापीठाचे पहिले बी.ए. झाले. रानडे तेव्हा वीस वर्षांचे होते. शाळा संपली की विद्यापीठ सुरू, अशी ती सरळ वाट होती. मॅट्रिकसुद्धा विद्यापीठच घेई, त्यामुळे शाळेतल्या शेवटच्या वर्गाचा अभ्यासही प्रत्यक्षात विद्यापीठ ठरवत असे. मॅट्रिकनंतरच्या पायऱ्या, म्हणजे प्रीव्हियस आणि इंटर, तर थेट पदवीच्याच पायऱ्या होत्या. इंटर पास झालेल्या मुलाची पदवी अर्ध्यावर आलेली असे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. तिचा ताण मुलांच्या जिवावर बेतत असे. सगळे शिक्षण इंग्रजीतून, पुस्तके थोडी, घरी उजेड तेलाच्या दिव्याचा. खुद्द रानड्यांची दृष्टी विद्यार्थिदशेतच अधू झाली होती. पदवीधर तरुण अकाली का मरतात, या प्रश्नाने पुढे त्यांना अस्वस्थ केले आणि त्यावर ते जाहीरपणे बोललेही. मुलांना लवकर कॉलेजात ढकलणे आणि कॉलेजचा अभ्यास त्यांच्यापर्यंत नीट पोहोचवणे, यातला फरक त्या पिढीने स्वतःच्या अंगावर झेलला.

तो अभ्यास नीट पोहोचवण्याचा एक मोठा प्रयोग पुण्यात झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. गोपाळ गणेश आगरकर पुढच्या वर्षी येऊन मिळाले. शाळा चालली आणि १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले, तेही एकदम सगळ्या वर्षांचे नव्हे. आधी पहिल्या वर्षाचा, प्रीव्हियसचा वर्ग उघडला. शाळेच्या वरच्या टोकाला आणखी एक वर्ग जोडावा तसे ते कॉलेज वाढत गेले. वामन शिवराम आपटे हे संस्कृत कोशाचे कर्ते म्हणून मराठी घरांत ठाऊक आहेत. तेच न्यू इंग्लिश स्कूलचे प्रमुख होते आणि तेच फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य. टिळक शाळेतही शिकवत आणि कॉलेजात गणितही शिकवत. म्हणजे शाळेतल्या मुलाची तयारी किती झाली आहे, कुठे कच्चे आहे, हे कॉलेजच्या मास्तरांना कुणी कळवावे लागत नव्हते. तो मुलगा गेल्या वर्षी त्यांच्याच समोर बसलेला असे.

शाळा आणि कॉलेज यांच्यातली भागीदारी म्हणतात ती याहून वेगळी काय असते? कागदावर करार नव्हता, पण माणसे तीच होती. पुढे कॉलेज १८९५मध्ये गावाबाहेरच्या आपल्या नव्या जागेत गेले. शिक्षणप्रसारक मंडळीनेही नूतन मराठी विद्यालयाच्या पाठोपाठ १९१६मध्ये कॉलेज काढले, ते आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. मराठी मुलखात कॉलेजे अशी शाळांच्या पोटी जन्मली. एकाच सोसायटीची शाळा आणि तिचेच कॉलेज, हा नमुना कोल्हापूर-सांगलीपासून विदर्भापर्यंत आजही दिसतो. तो आयता हाताशी आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता नर्मदेच्या पलीकडे येऊ. मध्य भारतातल्या मराठी घरांना मुंबई विद्यापीठ नव्हते. ग्वाल्हेरला व्हिक्टोरिया कॉलेज होते, उज्जैनला माधव कॉलेज आणि इंदूरला १८९१मध्ये स्थापन झालेले होळकर कॉलेज. होळकर कॉलेज आधी कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेले होते, मग अलाहाबादशी आणि १९२७मध्ये आग्रा विद्यापीठ निघाल्यावर आग्र्याशी. शिंदे-होळकरांच्या राज्यातली मराठी मुले आपला निकाल पाहायला कलकत्त्याकडे नाहीतर अलाहाबादकडे डोळे लावून बसत. भोपाळची गत आणखी बिकट होती. नवाबांच्या राजधानीत शाळा होत्या, पण हमीदिया कॉलेज निघाले ते १९४६मध्ये. तोवर पदवी हवी असलेल्या भोपाळी मुलाला गाव सोडावे लागे.

याच भागात १९२९ साली एक निर्णय झाला आणि पुण्याच्या व साकेत नगरच्या मुलींमधली आजची तफावत मला तिथूनच सुरू झालेली दिसते. त्याच्या मागे कलकत्ता विद्यापीठ आयोग होता. १९१७मध्ये नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू मायकेल सॅडलर होते आणि सदस्यांत आशुतोष मुखर्जी होते. १९१९च्या अहवालात आयोगाने स्पष्ट सांगितले की इंटरचे वर्ग हे खरे तर शालेय पातळीचे शिक्षण आहे. मोठ्या सभागृहात शेकडो मुलांपुढे व्याख्यान झोडण्याची पद्धत या वयाला मानवत नाही. म्हणून हे वर्ग विद्यापीठापासून तोडावेत, वेगळी इंटरमीजिएट कॉलेजे काढावीत, त्यांच्यावर वेगळी मंडळे नेमावीत आणि विद्यापीठाने इंटरनंतर मुलगा घ्यावा. निदान बरोबर होते. उपचार मात्र शस्त्रक्रियेचा निघाला: नीट शिकवत नाहीत, तर नातेच तोडा.

संयुक्त प्रांतात १९२१मध्ये असे मंडळ झाले. त्यानंतर १९२९मध्ये अजमेरला राजपुतान्याचे हायस्कूल व इंटरमीजिएट शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याच्या कक्षेत अजमेर-मेरवाडा, राजपुताना, मध्य भारतातील संस्थाने आणि ग्वाल्हेर असा मोठा टापू आला. आता एकाच कॉलेजच्या छपराखाली इंटरचा पेपर अजमेरचा आणि बी.ए.चा पेपर आग्र्याचा, अशी वाटणी झाली. मुंबई विद्यापीठाने मात्र सॅडलरचे ऐकले नाही. तिथे इंटर पुढची पन्नासेक वर्षे विद्यापीठाचीच राहिली. ‘इंटर सायन्सला किती पडले’ या एका प्रश्नावर मेडिकल की इंजिनिअरिंग हे मराठी घरांत ठरायचे, ते गुण विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरचे असत.

अजमेरच्या मंडळाचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. १९५२मध्ये त्याची घटना बदलली, अधिकारक्षेत्र केंद्राच्या अखत्यारीतल्या क आणि ड वर्गातील राज्यांपर्यंत वाढले आणि नाव पडले केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ. तेच आजचे सीबीएसई. भोपाळ त्या वेळी क वर्गातलेच राज्य होते. १९६२मध्ये या मंडळाची फेररचना झाली आणि त्याचा कारभार देशभर पसरत गेला. साकेत नगरच्या आसपासच्या शाळांच्या पाट्यांवर आज जी चार अक्षरे दिसतात, त्यांचे मूळ इंटरला विद्यापीठापासून अलग करण्यासाठी निघालेल्या त्या मंडळात आहे.

या वाटणीतही एखादा मुलगा कॉलेजच्या पलीकडचे काही शिकून जाई, पण ते घरच्या पुण्याईवर. थोर गणिती श्रीराम अभ्यंकर यांचा जन्म १९३० साली उज्जैनचा, वाढले ग्वाल्हेरला. वडील शंकर केशव अभ्यंकर गणिताचेच प्राध्यापक. पुढे श्रीराम मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आले आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी असतानाच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मार्शल स्टोन यांच्यासारख्या गणितींच्या व्याख्यानांना जाऊन बसू लागले. १९५१मध्ये पदवी घेऊन ते हार्वर्डला गेले, १९५५मध्ये ऑस्कर झारिस्की यांच्याकडे डॉक्टरेट झाले. बी.एस्सी.च्या मुलाला संशोधकांच्या व्याख्यानात बसू दिले, एवढीच ती गोष्ट. पण असे दार उघडे सापडायला वडील प्राध्यापक असावे लागतात, निदान कुणीतरी तिथवर नेणारा असावा लागतो. अभ्यंकरांनी १९७६मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान उभे केले आणि तिथे शाळकरी मुलांनाही गणिताची गोडी लावण्याचे काम सुरू झाले, त्यामागे हीच जाणीव असावी असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर आयोगांची रांग लागली. राधाकृष्णन आयोगाने १९४९मध्ये सुचवले की विद्यापीठात येण्याआधी बारा वर्षांचे शिक्षण व्हावे आणि पदवी तीन वर्षांची असावी. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३मध्ये निराळा तोडगा काढला: इंटर मोडीत काढा, त्याचे एक वर्ष शाळेला द्या आणि एक पदवीला. अकरा वर्षांचे हायर सेकंडरी आणि तीन वर्षांची पदवी. १९५६मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याने हीच वाट धरली. भोपाळमध्ये साठी-सत्तरी गाठलेल्या लोकांना विचारा, ते ‘हमारे ज़माने में ग्यारहवीं बोर्ड थी’ असेच सांगतील. मुदलियार यांनी बहुउद्देशीय शाळांचीही शिफारस केली होती, जिथे सोळा वर्षांच्या मुलाला शेती, तंत्रविद्या, वाणिज्य असा एखादा धागा हाती लागेल. त्यांना शिक्षक कुठून आणायचे, म्हणून एनसीईआरटीने १९६३मध्ये अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर आणि भोपाळ इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये काढली. भोपाळचे श्यामला हिल्सवर आहे आणि त्याला लागूनच प्रात्यक्षिक बहुउद्देशीय शाळा आहे. पदवी आणि शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण चार वर्षांत एकत्र देणारा अभ्यासक्रम तिथे चालला. भावी शिक्षक कॉलेजात शिकतात आणि शेजारच्या शाळेत शिकवतात. कॉलेज आणि शाळा यांच्यातली ये-जा भोपाळमध्ये टेकडीवरच्या त्या आवारात साठ वर्षे चालू आहे, पण ती शिक्षक घडवण्यापुरती. शाळेतल्या मुलाला मात्र पलीकडच्या इमारतीतले काही खात्यावर जमा करून मिळत नाही.

१९६४मध्ये डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे. आयोगाचा १९६६चा अहवाल वाचताना त्या माणसाची मेहनत पानापानावर जाणवते. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध देशभर गेला तो या अहवालामुळे. कोठारी-नाईकांचा कल स्पष्ट होता: विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत चालणारे पूर्वपदवी वर्ग १९७५-७६पर्यंत शाळांकडे जावेत.

महाराष्ट्राने आकृतिबंध घेतला आणि हा कल अर्धाच पाळला. १९७५च्या मार्चमध्ये नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी झाली. अकरावी-बारावी शाळांना जोडून काही ठिकाणी सुरू झाल्या, पण मोठा भाग कॉलेजांतच ठेवला गेला. त्याला व्यवहाराची बाजू होती. प्री-डिग्री आणि इंटरचे वर्ग गेले तर कॉलेजांतले प्राध्यापक करणार काय? प्रयोगशाळा कॉलेजांत, ग्रंथालये कॉलेजांत, शाळांत विज्ञानाची साधने बेताची. म्हणून महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज हा प्रकार जन्मला. वर्ग कॉलेजात भरू लागले, परीक्षा राज्य मंडळाची झाली.

भिंत अशी नेमकी आतून घातली गेली. एकाच इमारतीत, कित्येकदा एकाच शिक्षकखोलीत दोन कायदे नांदू लागले. ज्युनिअरच्या शिक्षकाला १९७७चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा कायदा लागू, सिनिअरच्या प्राध्यापकाला विद्यापीठ कायदा आणि यूजीसी. वेतनश्रेणी वेगळ्या, कामाचे तास वेगळे. ज्युनिअरच्या शिक्षकांनी आपल्या मागण्यांसाठी बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर बहिष्कार घातल्याच्या बातम्या महाराष्ट्राने किती वर्षे वाचल्या! ही दोन माणसे एकत्र बसून एखादा अभ्यासक्रम आखतील, अशी सोय कुणी ठेवलीच नव्हती.

याचा परिणाम बघायचा तर कुठल्याही जुन्या विज्ञान महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उभे राहावे. अकरावीची तुकडी टेबलाभोवती असते. मुले व्हर्नियर कॅलिपर हातात घेऊन धातूच्या नळीचा व्यास मोजतात, शून्य त्रुटी काढतात, तक्ता भरतात, जर्नलवर सही घेतात. काही वर्षांनी त्यातलीच मुले एफ. वाय. बी.एस्सी.ला येतात आणि मोजमापाचे तेच धडे नव्या जर्नलमध्ये पुन्हा गिरवतात. रसायनशास्त्राच्या बाजूला टायट्रेशनचेही तसेच. मुलांना सवय आहे, ती निमूट लिहितात. ज्याला पहिल्या वेळी जमले नसेल, त्याला दुसरी संधी मिळते हे खरे. पण ज्याला उत्तम जमले होते, त्याने त्या वेळात काय केले असते याचा विचार व्यवस्थेने केलेला नाही.

आपण इथे इंटरचे श्राद्ध घालत होतो, त्याच काळात अमेरिकेत उलटी हालचाल चालू होती. तिथे शाळा बारा वर्षांची, पदवी चार वर्षांची आणि दोघांत आपल्यापेक्षाही उंच भिंत. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स यांच्या काळात दहावीनंतरच्या मुलांना पदवीच्या वर्गांत घेतले जाऊ लागले. पन्नाशीच्या दशकात कॉलेज बोर्डाने अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटच्या परीक्षा सुरू केल्या, शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकायचा आणि परीक्षेत चांगले गुण पडले तर कॉलेजने तो मान्य करायचा. १९६६मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सायमन्स रॉक उघडले, ते तर खास लवकर कॉलेजात येणाऱ्या मुलांसाठीच. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी सिराक्यूज विद्यापीठाने आसपासच्या शाळांशी करार केला. बारावीची मुले शेवटच्या वर्षी कंटाळून नुसती दिवस ढकलतात, ही शाळांची तक्रार होती. तोडगा साधा निघाला: विद्यापीठाचा पहिल्या वर्षाचा विषय शाळेतच, शाळेच्याच शिक्षकाने शिकवायचा. त्या शिक्षकाला विद्यापीठाने प्रशिक्षण द्यायचे, अभ्यासक्रम आणि तपासणीचा दर्जा विद्यापीठाचा, गुण विद्यापीठाच्या नोंदवहीत. मिनेसोटा राज्याने १९८५मध्ये कायदा करून शाळेतल्या मुलांना कॉलेजचे वर्ग घेण्याचा हक्कच दिला.

मला यांत सगळ्यांत जवळचा वाटतो तो न्यूयॉर्कचा प्रयोग. लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजच्या आवारात १९७४मध्ये जॅनेट लीबरमन यांच्या पुढाकाराने मिडल कॉलेज हायस्कूल सुरू झाले. तोवर लवकर कॉलेज म्हटले की हुशार मुले, असेच समीकरण होते. लीबरमन यांनी शाळा सोडण्याच्या बेतात असलेली मुले घेतली. कॉलेजच्या आवारात रोज वावरले, आपल्यासारख्याच घरांतली मोठी मुले तिथे शिकताना पाहिली, की आपणही तिथवर जाऊ हे मुलांना पटते, असा त्यांचा विश्वास होता. बार्ड कॉलेजने २००१मध्ये न्यूयॉर्कमध्ये सरकारी शाळा म्हणूनच असे हायस्कूल काढले, आणि २००२पासून गेट्स फाउंडेशनच्या पैशाने अशा शाळा देशभर उभ्या राहू लागल्या. अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलगी अकरावी-बारावीतच कॉलेजची क्रेडिट्स मिळवते हे आता नवल राहिलेले नाही. तिथे एका सत्राची फी वाचणे म्हणजे घराला केवढा दिलासा असतो, हे त्या घरांना विचारावे.

आपल्याकडे हे सगळेच बंद होते असे नाही. एक दार कायम किलकिले राहिले, पण ते मागच्या बाजूचे, म्हणून मध्यमवर्गाने तिकडे पाहिले नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेला पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा तीन वर्षांची पदविका घेतो आणि इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसतो. म्हणजे पदवीचे एक वर्ष त्याने किशोरवयातच कमावलेले असते. महाराष्ट्रात आयटीआय झालेल्या किंवा बारावीला तांत्रिक व व्यावसायिक विषय घेतलेल्या मुलांनाही पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट मिळाली. द्विलक्षी आणि नंतरचे एमसीव्हीसी या व्यावसायिक अभ्यासक्रमांनी ज्युनिअर कॉलेजांत वर्कशॉप आणले. देशाच्या पातळीवर १९८८मध्ये व्यावसायिक शिक्षणाची योजना सुरू झाली आणि तिच्यासाठीची केंद्रीय संस्था १९९३मध्ये निघाली, तीही भोपाळातच, पंडित सुंदरलाल शर्मा यांच्या नावाने. हाताने काम करणाऱ्याला एक वर्ष माफ करता येते, हे आपण मान्य केले. गणित, इतिहास, भाषा शिकणाऱ्याला मात्र नाही. असा भेद का, याचे शैक्षणिक उत्तर मला कधीच मिळाले नाही.

या दोन वर्षांशी खरीखुरी भागीदारी केली ती कोचिंग क्लासेसनी. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज नावाला, शिकवणी क्लासची, हजेरी संगनमताने, ही ‘टाय-अप’ची पद्धत इतकी बोकाळली की २०१८मध्ये सरकारला विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. भोपाळमध्ये एमपी नगरच्या इमारतींवरचे फलक पाहिले की चित्र निराळे दिसत नाही. साकेत नगरात तर एम्स घराच्या अंगणात आहे. २०१२मध्ये तिथे एमबीबीएसची पहिली तुकडी आली, आणि परिसरातल्या कितीतरी घरांत नीटची तयारी करणारे मूल आहे. जवळच बरकतउल्ला विद्यापीठ आहे, १९७०मध्ये भोपाळ विद्यापीठ म्हणून निघालेले. शाळा, विद्यापीठ आणि एम्स एवढे जवळ असून बारावीच्या मुलीचा शाळेबाहेरचा सगळा वेळ जातो तो तिसरीकडेच, प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपेढीवर. तिथे मिळालेले ज्ञान पदवीत कुठेच धरले जात नाही. परीक्षा गेली की सगळे सरते.

नव्या धोरणाने कागदावर बरेच काही शक्य केले आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एक टप्पा मानला. २०२१मध्ये क्रेडिट बँकेचे नियम आले आणि त्याच वर्षी मध्य प्रदेशाने पदवीच्या वर्गांना नवे धोरण लागू केले. एप्रिल २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात शाळा आणि कॉलेज एकाच शिडीवर आली: बारावी म्हणजे पातळी चार, पदवीचे पहिले वर्ष साडेचार, पीएच.डी. आठ. वर्षाला १२०० तासांचे शिक्षण आणि ४० क्रेडिट्स असे गणित बसवले आहे. सीबीएसईने २०२४मध्ये शाळांकडून प्रायोगिक सहभागही मागवला. पण तीन वर्षांच्या पदवीला लागणारी १२० क्रेडिट्स बारावीनंतरच मोजायला सुरुवात होते. शाळेतली क्रेडिट्स खालच्या पातळीची म्हणून वेगळ्या कप्प्यात राहतात. चार आणि साडेचार यांच्यामधली ती अर्धी पायरी शाळेतल्या मुलीने चढायची कशी, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

ती पायरी बांधण्याचे काम दिल्लीतल्या कुणा समितीने करावे म्हणून थांबण्याची गरज नाही. मराठी संस्थांकडे शाळा आहेत, ज्युनिअर कॉलेजे आहेत, त्याच आवारात सिनिअर कॉलेजे आहेत, आणि त्यांतली कित्येक आता स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवू शकतात. अशा एखाद्या संस्थेने पहिल्या वर्षाचा एकच विषय निवडावा. संख्याशास्त्र घ्या, मराठी भाषेचा परिचय घ्या, प्रोग्रामिंग घ्या. तो अकरावीनंतरच्या सुट्टीत आणि बारावीच्या पहिल्या सत्रात ज्युनिअरच्या शिक्षकाने, सिनिअरच्या प्राध्यापकाबरोबर आखून शिकवावा. तपासणी कॉलेजच्या दर्जाची असावी, आणि पास झालेल्या मुलाला पहिल्या वर्षाला आल्यावर तो विषय पुन्हा घ्यावा लागू नये. विद्यापीठाकडे मंजुरीला पाठवायचा तो एवढाच ठराव. सुरुवात हुशार तुकडीपासून करू नये. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी पदवीपर्यंत जाणार आहे, अशा मुलामुलींना आधी बसवावे, कारण एका सत्राचा खर्च आणि एका सत्राचा धीर त्यांनाच सर्वांत जास्त लागतो. मध्य प्रदेशात ज्युनिअर कॉलेजे नाहीत, तिथे शाळांनी विद्यापीठाचे दार ठोठावावे. भोपाळच्या मराठी पालकांनी पुढच्या पालक सभेत प्रवेश परीक्षेच्या तारखांबरोबर मुख्याध्यापकांना हेही विचारावे: आमच्या मुलीने बारावीत शिकलेल्यापैकी काय विद्यापीठाकडे जमा होईल, आणि त्यासाठी आपण कुणाशी बोलला आहात?